माटवीवरची पाहुणी

हे मी मनीषाला, म्हणजे माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. सुलूला, माझ्या बहिणीला, तर नाहीच नाही. आबांना सांगायचं होतं, पण – थांबा, हे असं नको. मधूनच सुरू केलं की माणूस अडचणीचं तेवढं गाळून पुढे जातो, आणि आज मला काही गाळायचं नाही.

तर पहिल्यापासून. कुडाळात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, बारशी, पासपोर्ट साइज. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओत येणारे कमी झाले. रिकामा वेळ पुष्कळ. म्हणून मी किड्यांकडे वळलो. हसू नका – मनीषा हसली होती, 'माणसं संपली वाटतं' म्हणून. पण एकदा का मॅक्रो लेन्समधून साध्या मुंगीचा चेहरा पाहिला की दुसरं काही सुचत नाही. मला फोटो बरे जमायला लागले. लोक वाहवा करायला लागले. वाहवा हे फार वाईट व्यसन आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आमचं घर वालावलच्या अलीकडे. घरात तेव्हा आबा, मी आणि मनीषा. आई त्याच्या दोन वर्षं आधी गेली आणि आबांचं बोलणं तिच्याबरोबर गेलं. कामाला मात्र माणूस ताठ. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधायची तर अख्खी वाडी आबांना बोलवायची. माटवी म्हणजे छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, फुलं, आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, बांधतात. कवंडळं, हरणाची फुलं, शेरवाड, सुपारीचे घोस – कुठलं झुडूप कोणत्या कोपऱ्यावर येतं, कशाला काय म्हणतात, हे सगळं आबांना तोंडपाठ. पोरं मोबाईलवर फोटो दाखवून विचारायची, आबा एका नजरेत नाव सांगायचे. तेवढंच काय ते बोलायचे.

त्या वर्षी आबांनी आणलेल्या टाळ्यांबरोबर ती आली. बोटाएवढी लांब, कोवळी हिरवी. पुस्तकात तिला प्रार्थनाकीटक म्हणतात, कारण पुढचे दोन पाय जोडून बसते. माटवीच्या कडेवर, बरोब्बर गणपतीकडे तोंड करून, हात जोडून बसलेली. सुलू मालवणाहून आली होती, ती तर ओरडलीच. आरतीला आलेली माणसं आधी तिला बघायची, मग देवाला. मी तिला काढून बाहेर ठेवायला उठलो तर आबा म्हणाले, "गणपतीची पावणी ती. तिका कोणी हात लावू नकात."

त्यांनीच सगळ्यात आधी पाहिलं की तिचा एक मागचा पाय अर्ध्यातून मोडलेला आहे. उजवा. हे 'उजवा' लक्षात ठेवा.

पण तुम्ही कधी प्रार्थनाकीटकाचा फोटो काढलाय? ती स्थिर बसत नाही. वारा नसतानाही झुलत राहते, वाऱ्यावरच्या पानासारखी. आणि मान वळवते! दुसरा कुठलाही किडा अशी खांद्यावरून मान वळवून तुमच्याकडे बघत नाही. सगळे फोटो हललेले. मग मी एक युक्ती केली. ती मी शोधलेली नाही, बऱ्याच जणांना माहीत असते, कबूल मात्र कोणी करत नाही. किडा डबीत घालून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायचा. थंडीनं तो बधिर होतो. मग हवा तिथे बसवा, हवे तसे पाय लावा, वरून पाणी फवारा. दुपारी आबा झोपले असताना मी तेच केलं. कॅमेरा गणपतीच्या खांद्याशी लावला, तिला समोर बसवली – ती कॅमेऱ्याकडे तोंड करून, हात जोडून, अंगावर थेंब. देवाला काय दिसत असेल, तसा फोटो.

फोटो गावोगाव फिरला. पेपरात आला. भक्तिभाव म्हणे! ती गारठून लाकूड झाली होती, दुसरं काही नाही. मी फोटो मोठा करून माजघरात लावला, आणि आबांनी त्याच्यासमोर उभं राहून माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी असा हात ठेवल्याचं मला आठवत नाही.

विसर्जनानंतर आबांनी तिला काडीवर घेतली आणि खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेच्या अनंताच्या झाडावर सोडली. ती तिथेच राहिली. आबा सकाळी आंघोळ उरकून खळ्यात खुर्ची टाकून बसायचे. ती मांजरासारखी पाय चाटून तोंड साफ करते, ते बघायचे. माशी कशी टिपते, ते बघायचे. आणि – बोलायचे! आधी तिच्याशी, मग आमच्याशी. "वारो नाय तरी झुलता बघ. आपण पान आसय असा वाटता तिका." मनीषा चहा घेऊन गेली की तिला दाखवायचे. दोन वर्षांनी घरात आबांचा आवाज आला. एकदा मी शेजारी बसलो होतो. ती नेहमीप्रमाणे मान वळवून आमच्याकडे बघायला लागली. आबांना आई आठवली. हळूच म्हणाले, "हाक मारली काय तुझी आवस अशीच मान वळवन बघायची."

आता सांगा, इतकं ऐकल्यावर कोणी त्या किड्याला पुन्हा हात लावला असता का?

मी लावला. फोटोंचं एक प्रदर्शन होतं, त्यांना तिचे आणखी फोटो हवे होते. दसऱ्याच्या आधीची गोष्ट. आबा देवळात गेले होते, म्हणून मला घाई. फ्रीजमध्ये वेळ लागेल म्हणून डबी बर्फाच्या कप्प्यात ठेवली. तेवढ्यात स्टुडिओतून फोन – पासपोर्टच्या फोटोंसाठी अख्खं कुटुंब येऊन बसलंय. आत्ता येतो, म्हणून मी गाडी काढली. गाडी काढताना डबी आठवली नाही. कुडाळात आठवली नाही. परत येताना, घराच्या वळणावर आठवली.

तळहातावर घेतली, तोंडाची वाफ दिली. उन्हात धरली. कितीतरी वेळ. तिची मान एका बाजूला वळलेली तशीच राहिली.

तेव्हा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आबा रागावले असते. चार दिवस बोलले नसते. मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस, बापाच्या रागाला भ्यालो? नाही – रागाला नाही. तो पाठीवरचा हात गेला असता, त्याला भ्यालो. ती मी घरामागच्या परड्यात केळीखाली टाकून दिली, वर वाळल्या पानांचा पातेरा लोटला. संध्याकाळी आबा तिला शोधत होते, तर 'असेल वर पानांत' म्हणालो. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर शेजारच्या कुंपणावरून तसलीच हिरवी दुसरी पकडून आणली.

दुसरीचे पाय धड होते.

कॅमेऱ्यात आधीचा फोटो लावून पाहिला. मोडका पाय फोटोत डावीकडे होता. मी हिचा डावा पाय दोन बोटांत धरला आणि मोडला. बारीक आवाज झाला, काडी मोडावी तसा. तिनं पंख उघडले, पुढचे पाय फाकून ताठ उभी राहिली, माझ्यावर चाल करून आल्यासारखी. तो आविर्भाव टिपायला मी कितीतरी सकाळी फुकट घालवल्या होत्या. त्या वेळी माझ्या हातात कॅमेरा नव्हता, तिचा पाय होता.

आबांनी खुर्ची टाकली. मिनिटभर पाहिलं असेल. "ही ती न्हय."

मी म्हटलं, तीच आहे, पाय बघा की.

"तिचो उजवो मोडलेलो. हिचो डावो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समोर तोंड करून बसलेल्याचं उजवं फोटोत डावीकडे येतं – हे मला कोणी सांगायला हवं होतं का? अहो, आयुष्यभर मी नवरा-नवरीला हेच ओरडून सांगत आलो, 'माझा उजवा नव्हे, तुमचा उजवा!' घाबरलेल्या माणसाला आपला धंदासुद्धा आठवत नाही.

अजूनही वेळ होती. सुलू दसऱ्यासाठी आली होती, मनीषा होती, दोघी बाहेर आल्या. आबा त्यांना सांगायला लागले, ही दुसरी आहे म्हणून. आणि मी आत गेलो, भिंतीवरचा फोटो उतरवला, आणला, आणि सगळ्यांसमोर बोट ठेवलं. हा बघा मोडका पाय. कुठल्या बाजूला आहे? सुलू म्हणाली, डाव्या. मनीषा म्हणाली, डाव्याच. आबा फोटोकडे बघत राहिले. मग फोटोकडे हात करून म्हणाले, "अरे, पण हयसर ती आमच्याकडे तोंड करून –"

"आबानु, पुरे आता."

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. त्या वाक्यात सगळं होतं. मी आवाज चढवला नव्हता – उलट मऊ केला होता, आजारी माणसाशी बोलावं तसा. ते वाईट होतं. आबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. फोटोतलं आपल्या मुलाला जास्त कळतं, असं त्यांना वाटलं असणार. ते 'आसात', म्हणजे असेल तसं, एवढंच म्हणाले आणि खुर्ची उचलून आत आले. खळ्यात परत बसले नाहीत.

सुलूनं मला बाजूला घेतलं. आईनंतर आबा एकटे पडलेत, त्यांच्या डोक्यावर परिणाम होतोय, तुला नाही का वाटत? मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, मलाही हल्ली तसंच वाटतं.

डॉक्टरांकडे नेलं. वयोमानानं होतं म्हणाले, गोळ्या दिल्या. मग घरात सगळंच बदललं. मनीषा त्यांच्यामागे गॅस बघायला जायची. सुलू फोनवर एकेक शब्द सुटा करून मोठ्यानं बोलायची. आणि आबा – आबा माहीत असलेल्याच गोष्टी विचारायला लागले. आज वार कुठला? मी जेवलो ना? विसरत नव्हते हो ते! खात्री करून घेत होते. दर वेळी त्यांच्या डोळ्यांत उत्तर आधीच दिसायचं, आणि मी ते त्यांना सांगायचो, आणि ते सुटल्यासारखे मान हलवायचे.

पुढची चतुर्थी आली. वाडीतली माणसं टाळे घेऊन आली. आबांनी शेरवाडाची पांढरी पानं हातात घेतली, उलटसुलट केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ह्यां शेरवाडच मां रे?" मला तर त्यातलं काही कळत नव्हतं. मी मान डोलावली. त्यांनी ती पानं माझ्या हातात दिली. "तुमीच बांधा. माझो माकाच आता भरवसो नाय." माटवी आम्ही बांधली, कशीबशी. आबा भिंतीला टेकून बसले होते. मधे एकदा उठल्यासारखे झाले, चुकीच्या कोपऱ्यात काहीतरी बांधलं गेलं असणार, आणि परत बसले.

आता राहिलेलं एक. ह्याच्यासाठीच बाकीचं सगळं सांगितलं.

दिवाळीनंतर एका दुपारी मी स्टुडिओतून लवकर घरी आलो. चप्पल बाहेर काढली, आत पाऊल टाकलं. माजघरात आबा त्या फोटोसमोर उभे होते. त्यांनी दोन्ही हात जोडून छातीशी धरले होते, तिच्यासारखे. मग ते सावकाश वळले. फोटोकडे पाठ केली, म्हणजे ती जशी बसली आहे तसे, ती जिकडे बघते तिकडेच तोंड. आणि आपला उजवा पाय जरासा उचलला. मान वळवून खांद्यावरून फोटोकडे पाहिलं. पाय टेकला. पुन्हा उचलला.

त्यांना जुळलं होतं. चेहऱ्यावर मला ते स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. पाय खाली ठेवला, हात सोडले. पोरानं काही फोडल्यावर बघावं तसे माझ्याकडे बघायला लागले. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबले असतील का? मी एवढा जवळ उभा होतो की हात पुढे केला असता तर त्यांच्या पाठीवर पोचला असता. मी म्हटलं, "काय करताहात, आबा?"

"काय नाय रे. उगीच."

आणि आत जाऊन ते मनीषाकडून गोळी मागून घेऊन आले. वेळ झाली नव्हती तरी.

पावसाच्या तोंडावर ते गेले. तेराव्याला जेवायला बसलेली माणसं म्हणत होती, आबांसारखा जाणता माणूस, पण शेवटी शेवटी डावं-उजवंही कळेना बिचाऱ्यांना. ही गोष्ट सुलूनंच सगळ्यांना सांगितली होती, रडत, मायेनं. मी पंगतीत भात वाढत होतो. मी मान हलवली आणि पुढच्या पानाकडे गेलो.

फोटो अजून माजघरातच आहे. आबांना सगळं कळत होतं. तिचा उजवाच पाय मोडलेला होता.