बिनआट्यांची फेरूल

गोंदाला नावं ठेवणाऱ्यांचा मला अजून राग येतो. विषय निघाला की घरातले हसतात. हसू देत. आठवडाभर सगळ्यांसमोर खाली मान घालून मी बसले होते, ते नव्हते.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. एव्हरशाईन सिटी नावाच्या वसाहतीत आम्ही नुकतंच घर घेतलं होतं आणि मी जवळच्याच एका गाळ्यात कामाला जात होते. तिथे बिलियर्डसारखा पूल खेळायच्या काठ्या बनत. काठीच्या टोकाला, चामड्याच्या गोल टिकलीखाली, बोटाच्या पेराएवढी पांढरी नळी असते. ती फेरूल. चेंडूला मारताना बसणारा धक्का ती झेलते आणि लाकूड फाटू देत नाही. आमचे मेस्त्री निर्मळ गावाहून स्कूटरवर यायचे. लेथवर लाकडाचा शेंडा बारीक करून ते त्यावर आटे पाडायचे, नळीच्या आतही आटे, आणि बाटलीचं झाकण लावावं तशी फेरूल फिरवून बसवायचे. पुढे काम लवकर उरकावं म्हणून शेठनी निम्म्या काठ्यांचे आटे बंद केले. गुळगुळीत शेंडा, गुळगुळीत नळी आणि मधे गोंद. तो लावायचं काम माझ्याकडे आलं.

"बाय, गोंद कागदाला लावतात," मेस्त्री म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, मूर्खासारखी.

पण ते काम मी जीव लावून शिकले. शेंडा पॉलिश पेपरनं खरवडायचा. फेरूल फार घट्ट बसली तर गोंद सगळा बाहेर येतो, म्हणून केसभर जागा राहिली आहे ना ते बघायचं. दोन ट्यूबांतला गोंद सारख्या मापानं कालवायचा, फेरूल फिरवत फिरवत बसवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला हात लावायचा नाही. लग्नानंतर घराबाहेर मला नीट येणारं हे पहिलंच काम होतं.

एका सोमवारी तुळिंजच्या पूल पार्लरमधून एक काठी परत आली. मारताना टोकाशी टकटक वाजते, फेरूल हलते, अशी तक्रार. बाहेरून दोन्ही प्रकारच्या काठ्या सारख्याच दिसतात. ही कुठली, ते कुणालाच माहीत नव्हतं. तरी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गोंद सुटला," मेस्त्री म्हणाले.

"ताई, पुढच्या सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा," शेठ म्हणाले.

"उघडून तरी बघा," मी म्हटलं.

"त्यात काय बघायचंय?"

माझ्या हातातलं काम काढून घेतलं जात होतं आणि कुणाला पाच मिनिटं नव्हती! त्याच आठवड्यात मेस्त्रींनी वाडीतली केळी आणून वाटली. माझ्या हातात दोन जास्त ठेवली. हसण्यापेक्षा ती कीव मला जास्त झोंबली.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी ती काठी वाइसच्या पकडीत आवळली आणि हॅक्सॉ करवतीनं फेरूल उभी चिरली. आत आटे होते. आटे पाडताना लाकूड खाचेएवढं कापलं जातं, तिथेच शेंडा मोडला होता. काठी मेस्त्रींच्या हातची होती. मी तिला कधी शिवलेही नव्हते.

मी मोडका शेंडा आणि चिरलेली फेरूल असे दोन्ही तुकडे घेऊन सगळे जेवत होते तिथे गेले आणि शेठच्या डब्याशेजारी ठेवले. शेठनी बघितलं, मेस्त्रींकडे सरकवलं. मेस्त्रींनी खाचेवरून नख फिरवलं, बराच वेळ.

"लाकूडच कच्चं होतं," ते म्हणाले.

माझ्यावर आळ होता तेव्हा दोष माझ्या हाताचा होता. त्यांच्यावर आला तेव्हा तो लाकडाचा झाला, आणि एवढ्या माणसांत एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. शेठनी हात पुसले, फोन ओढला आणि लाकूडवाल्याला झापायला सुरुवात केली. त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

"आणि माझं काय, शेठ?"

"तुमचं काय?" ते म्हणाले. "बसा की तुमच्या गोंदाच्या टेबलावर."