रिकाम्या पाइपमधून आलेली ओळ

अन्याय झाला इरफानभाईंवर. गेल्या रमजान ईदच्या आदल्या दिवशी, दुपारच्या पाळीत, चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात. बोर्डावर नोटीस लागली – 'माग बंद पडले, चूक प्रोग्रामर इरफान यांची.' नोकरी गेली. पावसाळ्यात माणूसही गेला...

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटत मी मोठी झाले. तरी हे लिहितेय.

मी तिथंच भाईंच्या हाताखाली कोड शिकले. मागांची माहिती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात पाइपमधून जायची. पाइप रिकामा असला की वाचणारा प्रोग्राम वाट बघत अडकतो. म्हणून पाइप नॉन-ब्लॉकिंग करायचा, म्हणजे तो रिकामा असला तरी वाचणारा न अडकता पुढं जातो. नव्या कॉम्प्युटरवर पाइप उघडतानाच तसा उघडतो. जुन्यावर आधी उघडा, त्यावर असलेले फ्लॅग, म्हणजे सेटिंगच्या खुणा, वाचा, त्यात नॉन-ब्लॉकिंगचा मिळवा, मग दोन्ही टोकांना लावा. भाईंनी दोन्ही लिहिलं होतं. मॅनेजरनं जुन्यासाठीचा भाग कापला, साधाच पाइप ठेवला. "नव्यावर चालतंय की! कशाला उगा लांबण लावताय?" आणि प्रोग्राम चढवला जुन्याच कॉम्प्युटरवर! तो अडकला, माग थांबले.

भाई वारल्यावर, केबिनमध्ये राहून गेलेला त्यांचा डबा न्यायला त्यांच्या बायको, जुबेदाचाची, आल्या. त्याच कारखान्यात त्या टॉवेलला शिलाई मारतात.

"बेटा, त्यांचं कुटं चुकलं ते दाखव मला."

मी तो प्रोग्राम लावला. पाइप उघडा पण रिकामा, त्यात लिहीत कुणीच नाही. अडकला.

"बघा चाची, आता हा असाच बसणार. हा साधा पाइप मॅनेजरचा, भाईंचा न्हवताच."

तेवढ्यात स्क्रीनवर ओळ उमटली – 'जेवलीस का?'

चाची आधी हसल्या, मग तोंडाला पदर लावला. "रोज दुपारी फोन करून हेच इचारायचे. मी भिंतीपलीकडं! म्हणायची, चार पावलं येऊन बघा की..."

मग भाईंच्या खुर्चीत बसून स्क्रीनला हळूच म्हणाल्या, "जेवले हो. तुमी?"

नंतर मी सगळा कोड धुंडाळला. ती ओळ कुठंच नाही. पाइप दर वेळी कोरा उघडतो, मागचं काही उरत नाही. पुन्हा लावला तर अडकला तो अडकलाच. कसं झालं, मला अजून सांगता येत नाही.

पण चूक कुणाची, ते सांगता येतं. ती नोटीस मी फाडली, तर मलाच गेटबाहेर काढलं आणि नवी लावली. चाची रोज तिच्यासमोरून कामाला जातात. तुम्ही तिथं कामाला असाल, तर उद्या चाची यायच्या आत ती फाडा.