भरलेल्या ट्रकचा उतार

“रेल्वे विसर आता,” डिसोझा सर म्हणाले. “क्लाएंटला पुढच्या हिवाळ्यात दगड बाहेर काढायचाय. यल्ला, चल, रोडचं ड्रॉइंग घे.”

डिसोझा सर वसईचे, माझे बॉस. ऑफिस दुबई मरीनामध्ये, आणि काम पार उत्तरेच्या डोंगरातल्या एका नव्या खाणीचं. चुनखडी वर, मालगाडीचा रूळ खाली सपाटीवर. मालगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे ती डोंगरावर जाणार नव्हती. दगड कन्व्हेयरने, म्हणजे फिरत्या पट्ट्यावरून, रुळापर्यंत उतरवावा असं मी सुचवलं होतं. त्याला वेळ लागणार होता. ट्रकचा रस्ता झटपट होणार होता.

साइट व्हिजिटला क्लाएंटचे मॅनेजर खालिद स्वतः गाडी चालवत होते. कच्च्या वाटेने त्यांची फोर-व्हील भर्रकन वर पोचली.

“देखा? नो प्रॉब्लेम, हबीबी!”

आमच्या धंद्यातली ही जुनी खोड. रस्ता बघायला सगळे रिकाम्या गाडीतून जातात. खाणीचा ट्रक वर रिकामा चढतो आणि खाली भरून येतो. खरी परीक्षा उतरताना असते, आणि तेव्हा साहेब लोक बिर्याणीवर असतात.

मी हट्टाने सँपलचा दगड भरलेल्या ट्रकमधून उतरले. ड्रायव्हर शेर खान, पेशावरकडचा, बोलका माणूस. निघण्याआधी त्याने थर्मासमधला चहा दिला. अर्ध्या वाटेत जळका वास आला.

“खानभाई, ये काहे की बू है?”

“ब्रेक है मॅडम. इतना तो होता है.”

“और ब्रेक फेल हुआ तो?”

त्याने हसत कड्याकडे बोट दाखवलं. “फिर पहाड में डालेगा. नीचे आदमी लोग रहता है ना.”

मला हसू आलं नाही. मी रिपोर्टात लिहिलं, रस्ताच करायचा तर आधी एस्केप रॅम्प करा. म्हणजे उतारावरून फुटणारा वाळूचा चढता फाटा. ब्रेक गेलेला ट्रक त्यात घुसतो, रुततो, आणि माणूस वाचतो.

खालिद म्हणाले, “फेज टू में, इन्शाल्ला.”

मी सरांकडे गेले. “सर, रॅम्पशिवाय ट्रक सोडू देऊ नका.”

“अगं, रिपोर्टात लिहिलंस ना? खलास. आपलं काम सल्ला द्यायचं.”

“सर, उतारावरून माणूस येणार आहे, रिपोर्ट नाही.”

सरांनी पुढची फाइल उघडली. रस्ता झाला, ट्रक सुरू झाले.

पहिल्याच उन्हाळ्यात शेर खानच्या ट्रकचे ब्रेक गेले. खाली गेटपाशी रिकाम्या ट्रकांची रांग होती, ड्रायव्हर सावलीत चहा पीत बसले होते. त्याने ट्रक कड्यावर घातला. खालचं कोणी दगावलं नाही. तो जागीच गेला. फोन आला तेव्हा मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. संताप जास्त होता की दुःख, आजही सांगता येत नाही.

क्लाएंटच्या कागदावर ‘ड्रायव्हरची चूक’ असं आलं. मी सही केली नाही. डिसोझा सरांनीही केली नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

आणि फेज टू? ती लगेच आली. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय! ज्या रॅम्पला सवड नव्हती तो बघता बघता उभा राहिला.

आता कुठल्याही साइटवर मी आधी विचारते, भरलेला ट्रक कुठाय? त्यातूनच उतरते. साहेबांनाही शेजारी बसवते.

तिथले ड्रायव्हर त्या फाट्याला शेर खान रॅम्प म्हणतात. त्याच्या वाळूत आजवर दोन ट्रक रुतले. दोघेही ड्रायव्हर आपल्या पायांनी उतरून आले.