एमआरआय छान आहे, कंबर नाही

परवा सिडकोतल्या एका कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातानं मणके बसवणाऱ्या डॉक्टरकडे गेले होते. सोबत सासूबाई.

गेल्या वर्षी माझं मणक्याचं ऑपरेशन झालं. सरकलेली गादी काढली, पायातली कळ गेली, पण कंबर काही सोडायला तयार नाही... सर्जन म्हणतात, एमआरआय छान आहे. आता छान एमआरआयचं मी काय करू? फ्रेम करून हॉलमध्ये लावू?

त्यात सल्ले. ऑफिसात एकीनं तेल सांगितलं, दुसरीनं वजन उतरवायला. नणंद रोज रील पाठवते... पेशंटला पिळतात, कडकन आवाज येतो आणि तो हसत उठतो. सासूबाई मात्र शेजारीपाजारी सांगत सुटल्यात, आमची सून आता ठणठणीत झाली. ते ऐकलं की डोकंच फिरतं. शेवटी वैतागून अपॉइंटमेंट घेतली.

रिक्षानं निम्मा जीव रस्त्यातच घेतला. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. पाठदुखीचा दवाखाना, आणि लिफ्ट बंद...

डॉक्टरांनी फाइल शांतपणे वाचली. म्हणाले, "ऑपरेशनच्या जागी मी झटका देणार नाही. आधी सर्जनना पुन्हा दाखवा. ते हो म्हणाले तर हलक्या हातानं काय करता येतं ते बघू, आणि व्यायाम."

बरोबरच होतं त्यांचं. पण परत तिथंच जायचं म्हटल्यावर मला रडू यायला लागलं.

"सलग किती वेळ बसवतं?" त्यांनी विचारलं.

मी सवयीनं म्हणाले, "बसते की तासभर."

"नाय बसवत हिला." मागच्या खुर्चीवरून सासूबाई बोलल्या. "ऑफिसातून आली की ओट्यापाशी उभ्यानंच जेवती. सकाळी उठताना भिंत धरती, अन् आवाज नको म्हणून ओठ दाबून घेती. लई दिवसांपासून बघते मी."

नवऱ्यालाही माहीत नव्हतं यातलं काही.

जिना उतरताना न राहवून विचारलं, "आई, मग मला कधी बोलला का नाहीत? लोकांना तर ठणठणीत म्हणून सांगता."

"लोकांना काय सांगायचं घरातलं? अन् तू लपवती, तर मी कसा विषय काढू?" एवढं बोलून त्यांनी माझी पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि माझा दंड धरला. रिक्षा मिळेपर्यंत सोडला नाही.

कंबर आज लिहितानाही दुखतेय, आणि सर्जनकडे जायचा कंटाळा तेवढाच आहे. पण काल जेवताना बसवेना, तशी मी सगळ्यांसमोर ताट घेऊन उठले... सासूबाईंनी उभ्या उभ्याच मला पोळी वाढली. बरं वाटलं.