गार हीटर आणि बाळाची वाट

माघातल्या सकाळी मुखेडच्या शिवारावर धुकं उतरतं, तेव्हा ज्वारीची ताटं त्यात विरघळून जातात आणि कणसं तेवढी अधांतरी तरंगत राहतात. अशाच एका सकाळी आमच्या जुन्या गाडीचा हीटर मी पहिल्यांदा लावला. आपल्या मराठवाड्यात हीटरची आठवण कुणाला असते? वर्षातले बहुतेक महिने उन्हाशी झुंजण्यात घालवणारी आपण माणसं. त्या बटणाची लाल बाजू आमच्या बोटांना अनोळखीच होती. बटण फिरवलं, पंखा घरघरला, आणि जाळीतून आली ती धुक्याइतकीच गार हवा.

एरवी मी ते हसून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आमची लेक प्रज्ञा नांदेडच्या दवाखान्यातून बाळाला घेऊन घरी यायची होती. बाळ दिवस भरण्याआधीच आलेलं, ओंजळीत मावेल एवढं. वाटेत त्याला गारठा लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मागच्या खेपेला प्रज्ञा याच गाडीतून रिकाम्या हातांनी परतली होती. त्या प्रवासातलं मौन गाडीच्या गाद्यांत अजून मुरलेलं आहे, असं मला कधी कधी वाटे.

मी गाडी सलीमभाई मिस्त्रींकडे नेली. सोबत माझी बायको सुमनही आली. हीटरला स्वतःचा विस्तव नसतो, हे मला तिथं उमगलं. तापलेल्या इंजिनाभोवती फिरून पाणी जी उष्णता उचलतं, तीच आतल्या छोट्या जाळीपर्यंत पोचते आणि पंखा ती आपल्याकडे फुंकतो. घराघरांतली ऊब तरी याहून निराळी कुठे असते? कुणीतरी कुठेतरी तापत असतं, म्हणून तर दुसऱ्याचे हात गरम राहतात.

सलीमभाईंना आधी इंजिनाचं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचा संशय आला. पण इंजिनाच्या तापमानाचा काटा नीट चढला होता. पाणीही पुरेसं होतं. मग त्यांनी हीटरच्या दोन्ही नळ्या चाचपल्या.

"हात लावून बघा, सर. ही आत जाणारी लई गरम हाय, अन् परतणारी गारच हाय. मधी कायतरी तुंबलंय."

आमच्याकडे गाडीतही बोअरचंच पाणी पडतं. त्याचे क्षार आणि गंज जाळीत साचले होते. इंजिन निवल्यावर सलीमभाईंनी नळ्या सोडवल्या आणि उलट्या बाजूनं हलकेच पाणी सोडलं. आधी तांबूस गाळ आला, मग गढूळ धार, आणि बऱ्याच वेळानं झऱ्यासारखं नितळ पाणी. नवं कूलंट भरून, अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईतो इंजिन चालू ठेवलं.

सुमन मागच्या सीटवर बसली होती. बाळासाठी शिवलेल्या गोधडीची गुंडाळी तिनं मांडीवर घेतली होती.

"आली का ऊब?" मी विचारलं.

"न्हाई. गारच यायलंय."

जरा वेळानं मी वळून पाहिलं, तर डोळे मिटून तिनं गोधडी छातीशी धरली होती.

"आली हो," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून निघालो, तेव्हा प्रज्ञा अवघडून बसली होती; बाळाला छातीशी धरून सारखी त्याच्या तळव्यांना बोट लावून पाहत होती. "गार हायेत का गं?" सुमन विचारी. "न्हाई, आई." वाटेतलं नरसी गाव मागे पडलं आणि कित्येक रात्री जागलेल्या माझ्या लेकीची मान आईच्या खांद्यावर कलली. खिडक्यांवर वाफ धरली होती. बाहेरचं जग दुधात बुडाल्यासारखं अस्पष्ट झालं होतं.

मुखेड आलं. घराच्या वळणावर मी गाडी हळू केली, तर आरशातून सुमननं नकारार्थी मान हलवली. मी वळलो नाही. तसाच सरळ, गावाबाहेरच्या रस्त्यानं निघालो. दोन जीवांची झोप आपल्या हाती सोपवलेली असताना कुठं पोचण्याची घाई कसली?

थोड्या वेळानं प्रज्ञाला जाग आली. तिनं आधी बाळाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"बाबा, घर तर मागं राहिलं."

"वळवू का?"

तिनं बाळाच्या कपाळावर ओठ टेकले.

"नको," ती म्हणाली. "उठू दे त्याला आधी."