बेलपानाची शेगडी

माझ्या बायकोच्या मामांइतकी शेगड्यांची बुडं कोल्हापूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणी पाहिली असतील, असं मला वाटत नाही. इतर पाहुणे आले की पाणी पितात, पंख्याखाली बसतात. मामा चपला काढून तडक मागच्या दारी जात आणि बिडाची शेगडी उलटी करीत. राख अंगणात, काजळी हाताला. बुडाला बेलाचं पान उठवलेलं दिसलं, तर चारही पायांवर किल्लीनं ठोकून कान लावीत. मग "न्हाय, ही न्हवं," असं म्हणून घरातल्यांची खुशाली विचारीत. आमची शेगडी बेलपानाचीच. ती त्यांनी माझ्यादेखत अकरा वेळा उलटली. "मामा, ही मागच्या वेळीच पाहिलीत," असं मी म्हटलं, तर म्हणाले, "जावईबापू, तुमी आकड्यांचं माणूस. एकदा केलेली बेरीज परत करून बघत न्हाय व्हय?" आणि मी खरोखरच बघतो. बायकोनं मात्र त्यांच्या हातांसाठी मोरीजवळच्या खिळ्याला एक फडकं कायमचं टांगून ठेवलं.

मामा मूळचे गडहिंग्लजचे. कोल्हापुरात एका छोट्या फौंड्रीत शेगड्या ओतायचे. फौंड्री कामगारांच्याच मालकीची. बावीस कामगार, बावीस मालक, त्यामुळे माल तपासायला वेगळा माणूसच नव्हता. साचा करतानाच प्रत्येकानं बुडाला आपली खूण उठवायची आणि शेगडी सदोष निघाली तर आपल्याच हातानं फोडायची, असा नियम. कुणाचा मासा, कुणाचा चांद, मामांचं बेलाचं पान. स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत मामांच्या एका शेगडीच्या पायात हवेचं भोक राहिलं. त्यांनी ते मेण आणि लोखंडाच्या चुऱ्यानं बुजवलं, वरून काळा रंग फासला आणि शेगडी पास केली. हळद उतरवून कामावर आले, तोवर ती विकली गेली होती. "पेटत्या निखाऱ्यासकट पाय मोडला, आणि शेजारी एखादं रांगतं पोर असलं तर?" हे त्यांनी मला एकदाच बोलून दाखवलं. पुढं घरोघरी गॅस आला, फौंड्री बंद पडली. मामांची तपासणी चालूच राहिली.

दोन हजार सालच्या आसपास जयसिंगपूरला एका साखरपुड्याला गेलो असताना मामा शेजारच्या घरात शिरले. मी मागोमाग. एक आजी वांगी भाजत होत्या. शेगडीला तीन पाय आणि चौथ्याच्या जागी वीट.

"आज्जी, ह्यो पाय कवा मोडला?"

"पयल्याच थंडीत. कलंडली की निखाऱ्यासकट."

मामांनी वाकून बुडाचं बेलाचं पान पाहिलं. "कुणाला भाजलं?"

"सतरंजी जळाली. माझ्या म्हायेरची हुती. तुमी कोण पावणं?"

"मीच केलती ही शेगडी."

आजींनी त्यांना नीट न्याहाळलं. "मग आता आलासा व्हय? बसा. वांगं होतंय."

मामांनी देऊ केलेली दुसरी शेगडी आजींनी घेतली नाही. म्हणून मामांनी शिरोलीला ओळखीच्या कारखान्यात नवा पाय ओतून घेतला आणि जाऊन बोल्टनं बसवला. शेगडी डुगडुगायला लागली. जुने तीन पाय इतक्या वर्षांत झिजलेले, नवा एकटाच पुऱ्या मापाचा. आजींनी तो काढायला लावला आणि वीट पुन्हा सरकवली. परतताना एसटीत मामा एकटेच हसत होते. "त्या विटेला आमच्या फौंड्रीचा एक शेअर द्याय पायजे हुता."

त्यानंतर मामा आमच्याकडे आले की पंख्याखाली बसून पाणी पीत, इतर पाहुण्यांसारखे. शेवटची चार वर्षं ते असेच आले, आणि मला ते आल्यासारखं वाटलं नाही. आता ते नाहीत. बायको दर शनिवारी ते फडकं धुते आणि त्याच खिळ्याला टांगते. त्याला काजळी लागलेली नसते, तरीही.