पंधरा मिनिटांची बस

विमानतळावरच्या चौकशीच्या खिडकीत ती एकोणीस वर्षं बसली. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे प्रवासीसुद्धा. विमानाचं दार किती आधी बंद होतं, औषधं हातातल्या पिशवीत का ठेवायची, चाकाची खुर्ची कुठे मागायची, सगळं तिला तोंडपाठ. आणि एक गोष्ट ती न विचारताच सांगायची, "नव्या इमारतीतून विमान आहे ना? मग बसला पाऊण तास धरा. घाई असेल तर टॅक्सी करा, ती मागच्या रस्त्यानं वीस मिनिटांत जाते. वरच्या पाटीकडे बघू नका."

पाटीवर लिहिलं होतं: दोन इमारतींमध्ये मोफत बस, फक्त पंधरा मिनिटं.

पाऊण तासाची खबर घरचीच होती. ती बस तिचा नवरा चालवायचा. खोदून ठेवलेला रस्ता, चार सिग्नल, मालगाड्यांचं फाटक, या सगळ्यांना शिव्या घातल्याशिवाय तो घरात बूट काढत नसे.

एक दिवस नवे व्यवस्थापक खिडकीपाशी आले. "ताई, तुम्ही लोकांना घाबरवता. पाटीवर आहे तेवढंच बोलायचं."

"साहेब, पण बस खरंच..."

"तेवढंच."

नोकरी करारावरची, मुलीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष. ताई पाटीवरचं बोलायला लागली. आधी जीभ अडखळायची, मग सवय झाली. त्या सवयीचंच तिला पुढे जास्त वाईट वाटलं.

एका मंगळवारी दुपारी एक शिक्षिका धापा टाकत आली. शाळेतून तशीच निघालेली, बाहीला खडू लागलेला. "वडील अत्यवस्थ आहेत हो. नव्या इमारतीत जायचंय, दार बंद व्हायला चाळीस मिनिटं आहेत. बसनं पोचेन ना?"

व्यवस्थापक मागच्याच टेबलाशी उभे होते.

"पंधरा मिनिटं लागतात," ताई म्हणाली.

बाईंनी खिडकीतून हात घालून तिचा हात दाबला आणि बसकडे पळाल्या.

बसला बावन्न मिनिटं लागली. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. वडील त्याआधीच गेले.

त्या संध्याकाळी नवरा दारातच थांबला. "आज एक बाई माझ्या सीटमागे उभी राहून रडत होती. खिडकीतल्या ताईंनी पंधरा मिनिटं सांगितली म्हणे. तू सांगितलंस?"

"हो."

"माहीत असून?"

ती ताटं घ्यायला लागली. तो न जेवता झोपला.

तीन आठवड्यांनी बाईंची तक्रार आली. चार ओळींची, एकही कडू शब्द नसलेली. खरं सांगितलं असतं तर मी टॅक्सीनं गेले असते, एवढंच.

व्यवस्थापकांनी ताईला बोलावलं. "तुम्ही त्यांना नीट माहिती दिली नाहीत."

"तुम्हीच म्हणालात ना साहेब, पंधरा सांगायचं म्हणून?"

"आणि पंधराच लागतात." त्यांनी फेऱ्यांची पत्रकं पुढे सरकवली. "ही त्या दिवसाची. बस दोन दहाला सुटली, दोन पंचवीसला पोचली. म्हणजे बाई तुमच्या खिडकीवरच रखडल्या."

खाली चालकाची सही होती. ते लांब शेपटीचं अक्षर ताईनं लग्नाआधीच्या पत्रांत पाहिलं होतं. पत्रक खोटं म्हणावं, तर नवऱ्याच्या पोटावर पाय येणार.

"माझ्याकडूनच उशीर झाला," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिनं पर्स खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "रोज पंधराच लिहिता?"

नवरा कांदा चिरत होता. "बसचा ठेकेदार दुसरं काही लिहूच देत नाही. सगळेच लिहितात."

"आणि मला विचारत होतात, माहीत असून कसं सांगितलंस!"

तो कांदा चिरत राहिला. बराच वेळ. एका भाजीला लागतो त्याच्या तिप्पट कांदा झाला.

ताईला खिडकीवरून काढून हरवलेल्या सामानाच्या खोलीत टाकलं. तिथे छत्र्या, चष्मे, एकेकटे बूट. बोलायला माणूस नाही. तक्रारीवरचा पत्ता तिनं उतरवून घेतला होता. बाईंना पत्र लिहायला ती तीनदा बसली. साहेबांचं, ठेकेदाराचं, नवऱ्याचं, काहीच लिहिता येईना. शेवटी एकच ओळ लिहिली, "मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

पाकीट नवऱ्यानंच टपालात टाकलं. आत काय आहे ते त्यानं विचारलं नाही. उत्तर कधी आलं नाही.